मोजलं जाणारं मत: मॉन्टगोमेरी काउंटीच्या स्कूल बोर्डावरचं विद्यार्थी सदस्यपद

बोर्ड म्हटलं की आपल्याला दहावी-बारावीचं बोर्ड आठवतं. अमेरिकेतलं स्कूल बोर्ड परीक्षा घेत नाही, ते शाळा चालवतं. किती पैसा कुठे खर्चायचा, सुपरिंटेंडंट (सगळ्या शाळांचा मुख्य प्रशासक) कोणाला नेमायचं, शिक्षकांच्या संघटनेशी काय करार करायचा, कुठल्या वस्तीतली मुलं कुठल्या शाळेत जाणार, हे सगळं ते ठरवतं. मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीत हा पसारा फार मोठा आहे. रॉकव्हिल, गेथर्सबर्ग, जर्मनटाउन, सिल्व्हर स्प्रिंग धरून २०० हून जास्त शाळा, दीड लाखाहून जास्त मुलं आणि वर्षाचं अंदाजपत्रक ३ अब्ज डॉलरच्या वर. हे सांभाळणाऱ्या बोर्डावर ८ जण असतात. सात मोठी माणसं मतदारांनी ४ वर्षांसाठी निवडून दिलेली, आणि आठवी व्यक्ती हायस्कुलात शिकणारी, विद्यार्थ्यांनी १ वर्षासाठी निवडून दिलेली. मुलं या पदाला ‘स्मॉब’ म्हणतात, म्हणजे ‘स्टुडंट मेंबर ऑफ द बोर्ड’.

स्कूल बससारखीच ही काउंटीने मुलांसाठी केलेली एक सोय आहे, म्हणून परीक्षणही त्याच नजरेने केलं आहे. कोणाला मिळते, खरोखर चालते का, कुठे अडते, आणि तुमच्या मुलाने ती वापरायची तर नेमकं काय करायचं. पाचपैकी चार गुण देऊ. चार का आणि पाचवा का नाही, ते पुढे येतंच.

निवड कशी होते ते आधी. उमेदवार दोनपेक्षा जास्त असले तर फेब्रुवारीच्या सुमारास शाळाशाळांतून आलेल्या प्रतिनिधींचं अधिवेशन भरतं आणि त्यातून दोघं उरतात. एप्रिलमध्ये सहावी ते बारावीची सगळी मुलं त्या दोघांतून एकाला निवडतात. पदाचं वर्ष १ जुलै ते ३० जून. निवडून आलेला विद्यार्थी त्या वर्षी अकरावी किंवा बारावीत असावा लागतो. पगार नाही, कॉलेजसाठी शिष्यवृत्ती मिळते.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट मराठी घरांना बहुधा ठाऊक नसते. काउंटीच्या सात प्रौढ सदस्यांना मत द्यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. एच-वन-बीवर आलेले, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं थांबलेले आई-बाबा घराचा मालमत्ता कर भरतात, त्यातला मोठा वाटा शाळांना जातो, पण बोर्डाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. विद्यार्थी सदस्याच्या निवडणुकीला मात्र शाळेच्या पटावर नाव असणं एवढंच पुरतं, पासपोर्ट कुठला हे कोणी विचारत नाही. म्हणजे अशा घरात स्कूल बोर्डावर कोण बसावं यात मत असलेली एकमेव व्यक्ती सहावीतली मुलगी असते, वय ११. तिला ते मत विचार करून द्यायला शिकवणं हे पालकांचं काम आहे, आणि शाळेतून आलेली उमेदवारांची माहिती तिच्याबरोबर बसून वाचायला अर्धा तास पुरतो. (याच काउंटीतल्या टाकोमा पार्क या छोट्या शहराने तर २०१३ मध्ये शहराच्या निवडणुकीत १६ वर्षांपासून मताधिकार दिला. नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही तिथे मत आहे. मात्र हे शहरापुरतं, स्कूल बोर्डाला लागू नाही.)

आता मुख्य मुद्दा, मताचं वजन. १९७८ मध्ये पहिला विद्यार्थी सदस्य बसला तेव्हा त्याला फक्त बोलता येत होतं. नंतर मर्यादित मत मिळालं, पण पैशाच्या आणि हद्दींच्या विषयांत नाही. २०१६ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने कायदा बदलला. तेव्हापासून चालू खर्चाचं अंदाजपत्रक, इमारतींचं अंदाजपत्रक, कर्मचारी संघटनांशी होणारे करार, शाळा बंद करणं किंवा पुन्हा उघडणं आणि हद्दी, या सगळ्यांवर आठवं मत बाकी सातांइतकंच मोजलं जातं. शिक्षकाला निलंबित करणं किंवा कामावरून काढणं यात मात्र विद्यार्थ्याला मत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्याला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या नोकरीचा निवाडा करायची वेळ सोळा-सतरा वर्षांच्या मुलावर यायला नको.

मत मोजलं जाण्याने नक्की काय बदलतं, हे इतर राज्यांकडे पाहिलं की कळतं. कॅलिफोर्नियात कायद्याने विद्यार्थ्यांच्या हातात चांगलं हत्यार दिलं आहे. ५०० विद्यार्थ्यांच्या किंवा हायस्कुलातल्या १० टक्के मुलांच्या सह्या (यातला जो आकडा लहान असेल तेवढ्या) असलेला अर्ज आला की बोर्डाला विद्यार्थी सदस्य घ्यावाच लागतो. म्हणजे दोन हजार हायस्कूल विद्यार्थी असलेल्या शालेय जिल्ह्यात (एका बोर्डाखालच्या शाळांच्या भागात) २०० सह्या पुरतात, आठवडाभराच्या मधल्या सुट्टीत होणारं काम. पण तिथलं मत ‘प्राधान्य मत’ असतं. बोर्डाच्या मतदानाआधी विद्यार्थी आपलं मत सांगतो, ते इतिवृत्तात लिहिलं जातं, आणि निकालाच्या बेरजेत धरलं जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डावर दोन विद्यार्थी प्रतिनिधी बसतात, त्यांचंही मत बंधनकारक नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये हायस्कूलची मुलं पाच जणांची सल्लागार समिती निवडतात आणि तिचा अध्यक्ष स्कूल कमिटीत, म्हणजे तिथल्या स्कूल बोर्डात, बसतो, मताविना.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्रात जी शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यातही दोन विद्यार्थी घेतले जातात. तो विचार चांगला आहे, पण समिती एका शाळेपुरती. जिल्ह्याचा पैसा कुठे जावा, हे तिच्या हातात नाही.

बेरजेत न धरलेल्या मताचं नुकसान बैठकीत दिसत नाही, ते बैठकीच्या आधी होतं. आठपैकी पाच मतं जमवायची असतील तर आठव्या सदस्याशी बोलावं लागतं. ठराव मांडणारा त्याला फोन करतो, मसुदा आधी पाठवतो, त्याच्या शंकेसाठी एखादं वाक्य बदलतो. मत बेरजेत नसलं की हे काहीच होत नाही. विद्यार्थ्याचं भाषण आदराने ऐकलं जातं, टाळ्या पडतात आणि मसुदा जसाच्या तसा मंजूर होतो. सल्ला देणारी खुर्ची आणि मत देणारी खुर्ची यांत अंतर आहे ते हे, आणि म्हणून मॉन्टगोमेरीची सोय कॅलिफोर्नियाच्या सोयीपेक्षा आम्हाला कितीतरी जास्त मोलाची वाटते.

हे मत कोणाला खुपतं, हेही बघण्यासारखं आहे. शेजारच्या हॉवर्ड काउंटीत सात प्रौढ आणि एक विद्यार्थी असं बोर्ड आहे, आणि तिथल्या विद्यार्थी सदस्याचं मत मॉन्टगोमेरीपेक्षा मर्यादित आहे. करोनाच्या वर्षात शाळा उघडण्याच्या प्रश्नावर बोर्ड ४-४ असं अडकलं, त्यातल्या चारांत एक मत विद्यार्थ्याचं असल्याने तेच निर्णायक ठरलं आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये पालकांनी दावा दाखल केला. मुद्दा असा होता की १८ वर्षांखालची व्यक्ती निवडून येणं आणि तिला १८ वर्षांखालच्यांनीच निवडणं राज्यघटनेत बसत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. स्कूल बोर्ड ही घटनेने निर्माण केलेली पदं नाहीत, ती विधिमंडळाने केली आहेत, आणि त्यावर कोणी कसं यावं हे विधिमंडळ ठरवू शकतं, असं त्यामागचं सूत्र. नंतर संघीय न्यायालयातही वेगळ्या मुद्द्यांवर दावा गेला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तोही उचलून धरला नाही. त्यामुळे ही सोय आता कायद्याच्या दृष्टीने पक्क्या पायावर उभी आहे. पण पाया कायद्याचा आहे, घटनेचा नाही. विधिमंडळाने दिलेलं मत विधिमंडळ काढूनही घेऊ शकतं, हे मुलांनी लक्षात ठेवायला हवं.

आता जिथे अडतं तिथे येऊ. पहिली आणि सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची. जुलैत शपथ घेतली की आधीच्या बोर्डाने मंजूर केलेलं अंदाजपत्रक नुकतं लागू झालेलं असतं, त्यात हात घालता येत नाही. इमारतींचं अंदाजपत्रक ऑक्टोबरमध्ये येतं आणि नोव्हेंबरमध्ये बोर्डाकडून मंजूर होतं. म्हणजे हातात चार महिने, तेही नवशिके. चालू खर्चाचा प्रस्ताव सुपरिंटेंडंट हिवाळ्यात मांडतो, जानेवारीत सुनावण्या होतात, फेब्रुवारीत बोर्ड आपली मागणी ठरवून काउंटीकडे पाठवतं. मेअखेर काउंटी कौन्सिल किती पैसे देणार ते सांगते, आणि जूनमध्ये बोर्ड कात्री लावून शेवटचा हात फिरवतं. विद्यार्थी सदस्याचा सर्वांत कामाचा काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. नेमक्या त्याच दिवसांत बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज आणि सत्राचा शेवट येतो. ज्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत मागच्या वर्षाचं अंदाजपत्रक वाचून ठेवलेलं नसतं, त्याला जानेवारीत वाचायला उसंत मिळत नाही. एप्रिलमध्ये निवड झाल्यापासून जुलैपर्यंत जे दोन-अडीच महिने मिळतात, ते बैठका पाहण्यात घालवले तरच पुढचं वर्ष हाती लागतं.

दुसरी अडचण धोरण बदलण्याच्या वाटेची. धोरणाचा मसुदा आधी बोर्डाच्या धोरण समितीत जातो, मग बोर्डापुढे तात्पुरत्या मंजुरीला, मग लोकांच्या अभिप्रायांसाठी खुला राहतो आणि मग अंतिम मतदानाला येतो. यात सहज सहा महिने जातात. सप्टेंबरमध्ये सुरू केलेलं काम वसंतात पुरं होऊ शकतं. फेब्रुवारीत सुरू केलेलं पुढच्या स्मॉबच्या पदरात पडतं, आणि त्याला त्यात रस असेलच असं नाही. एक वर्षाच्या मुदतीची ही खरी किंमत आहे. मावळत्या सदस्याने अर्धवट कामांची लेखी यादी नव्याच्या हाती दिली तर बरंच वाचतं. ते सक्तीचं करायला हवं.

तिसरी गोष्ट मुलांच्याच हातातली, आणि सर्वांत जास्त चुकते तीही हीच. मागणी चुकीच्या दारात जाते. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहांना कुलूप असतं, जेवायला वेळ पुरत नाही, एखाद्या शिक्षकाने गृहपाठ जास्त दिला, हे मुख्याध्यापकांच्या अखत्यारीतलं. बसचा थांबा धोकादायक चौकात आहे, हे वाहतूक विभागाचं. उरतं त्यात दोन भाग. बोर्डाच्या धोरणांना तीन अक्षरांची नावं असतात. एफएए म्हणजे इमारती आणि हद्दींचं नियोजन, आयकेए म्हणजे गुण आणि प्रगतिपुस्तकं. त्याच नावापुढे ‘आरए’ लागलं की ती सुपरिंटेंडंटची नियमावली, तिच्यावर बोर्ड मतदान करत नाही. गुणांबद्दलच्या मुलांच्या बहुतेक तक्रारी आयकेएमध्ये नसतात, आयकेए-आरएमध्ये असतात. स्मॉबला तिथे मत नाही. त्याने सुपरिंटेंडंटला भर बैठकीत प्रश्न विचारणं हा तिथला उपाय, आणि तो पुष्कळदा लागू पडतो, कारण उत्तर चित्रित होतं आणि इतिवृत्तात राहतं.

म्हणून मुलाला पत्र लिहायचं असेल तर असं लिहावं: शाळा आणि इयत्ता, धोरणाचं किंवा नियमावलीचं नाव, त्यातलं आत्ताचं वाक्य, त्याऐवजी हवं असलेलं वाक्य, आणि तो विषय ज्या बैठकीत येणार तिची तारीख. बैठकीची विषयपत्रिका आणि जोडपत्रं आधीच बोर्डडॉक्स या संकेतस्थळावर येतात, ती कोणालाही वाचता येतात. एक परिच्छेद पुरतो. ‘मुलांवर ताण फार आहे’ अशा पत्रांचा ढीग येतो आणि त्यांचं काय करायचं हे कोणालाच सुचत नाही. बदलायचं वाक्य आयतं हातात दिलं की ठराव लिहायला अर्धा तास लागतो. ठराव सहसा मांडला त्याच दिवशी मतदानाला येत नाही. त्याला अनुमोदक लागतो आणि पुढच्या बैठकीपर्यंत वेळ मिळतो. त्या मधल्या दिवसांत बाकी सात सदस्यांनाही तेच पत्र गेलं पाहिजे. फक्त स्मॉबला लिहून थांबणं ही अर्धी मेहनत.

मागणीला खर्च जोडलेला असेल तर काय होतं, याचं या काउंटीतलं चांगलं उदाहरण म्हणजे हायस्कूल सुरू होण्याची वेळ. सकाळी ७.२५ ला पहिला तास म्हणजे हिवाळ्यात अंधारात बसची वाट पाहणं. २०१३ मध्ये वेळ ५० मिनिटांनी पुढे नेण्याचा प्रस्ताव सुपरिंटेंडंटकडूनच आला. पुढच्या वर्षी खर्चाचा आकडा समोर आल्यावर तो बाजूला ठेवला गेला. कारण बसमध्ये आहे. एकच बस आधी हायस्कूल, मग मिडल स्कूल, मग प्राथमिक अशा फेऱ्या करते. पहिली फेरी ५० मिनिटं सरकली की सगळ्या फेऱ्या एकमेकींवर येतात, आणि मग जास्त बस, जास्त चालक. शेवटी २०१५ मध्ये बोर्डाने २० मिनिटांची सरकवणूक मंजूर केली आणि शाळा ७.४५ ला भरू लागली. मुलांना हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी, पण ते फेऱ्यांच्या गणितात बसलं. मागणी घेऊन जाणाऱ्याने असा खर्चाचा तक्ता आधीच मागून घेतला तर वर्ष-दीड वर्ष वाचतं. सदस्य म्हणून स्मॉबला तो मागता येतो, आणि या पदाचा सर्वांत कमी वापरला जाणारा अधिकार बहुधा हाच आहे.

हद्दींचा विषय याच्या उलट टोकाचा. २०१९ च्या जानेवारीत बोर्डाने सगळ्या काउंटीच्या हद्दींचा बाहेरच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करायचं ठरवलं. त्यामागे तेव्हाच्या विद्यार्थी सदस्याचा मोठा आग्रह होता. काही शाळा ओसंडून वाहत होत्या, तर काहींत वर्ग रिकामे. गरीब वस्त्यांतली मुलं ठरावीक शाळांत एकवटलेली. त्यानंतर झालेल्या सभांमध्ये पालकांचा जो राग उसळला, तो घरांच्या किमतीशी जोडलेला होता. ‘चांगल्या’ शाळेच्या हद्दीत घर मिळावं म्हणून आपल्या लोकांनीही कर्ज वाढवून घरं घेतली आहेत, तेव्हा हा राग आपल्याला परका नाही. असा विषय पुन्हा निवडून येण्याची काळजी असलेला प्रौढ सदस्य सहज टाळतो. एक वर्षाची मुदत आणि पुढची निवडणूक नसणं हा इथे विद्यार्थी सदस्याचा फायदा ठरतो. मुदत लहान असण्याची एरवी आमची तक्रार आहे, पण या एका बाबतीत ती उपयोगाला येते.

पाचवा गुण का दिला नाही, तेही सांगायला हवं. दीड लाख मुलांमागे एकच खुर्ची. ती जिंकायला सगळ्या काउंटीत ओळख लागते. उत्तरेच्या जर्मनटाउनपासून दक्षिणेच्या सिल्व्हर स्प्रिंगपर्यंतच्या शाळांत प्रचाराला जायला कोणीतरी गाडीने सोडणारं लागतं, संध्याकाळी नोकरी न करण्याची मुभा लागते. शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणारी किंवा दुकानात काम करणारी मुलं या शर्यतीत क्वचितच उतरतात, आणि बोर्डाच्या निर्णयांची झळ सर्वांत जास्त त्यांनाच बसते. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांचंही तेच. दुसरी खुर्ची हवी, की विद्यार्थ्यांच्या सल्लागार गटात शाळांनुसार राखीव जागा हव्यात, यावर वाद होऊ शकतो. आम्हाला राखीव जागांचा मार्ग लवकर होण्यासारखा वाटतो, कारण त्याला विधिमंडळात जावं लागत नाही.

इतरत्र राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. मेरीलँडमध्येही प्रत्येक काउंटीचा कायदा वेगळा आहे. अ‍ॅन अरुंडेलमध्ये विद्यार्थी सदस्याला १९७० च्या दशकापासून पूर्ण मत आहे, हॉवर्डमध्ये मर्यादित. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट किंवा सनीव्हेलला असाल तर आधी जिल्ह्यात विद्यार्थी सदस्य आहे का ते पाहा. नसेल तर सह्या गोळा करा, आणि प्राधान्य मत दरवेळी इतिवृत्तात नोंदलं गेलं आहे ना ते तपासा. ते राहून गेलं तर पुढच्या बैठकीत इतिवृत्त मंजूर होण्याआधी दुरुस्ती मागता येते. कॅलिफोर्नियातल्याच बर्कली आणि ओकलंडमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरपासून, आणि न्यूजर्सीतल्या न्यूआर्कमध्ये २०२५ च्या एप्रिलपासून १६-१७ वर्षांची मुलं स्कूल बोर्डाच्या खऱ्या निवडणुकीत मत देतात. तिथे मात्र नागरिकत्वाची अट आहे, त्यामुळे एच-फोरवरची (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची) मुलं बाहेर राहतात.

एप्रिलच्या मतदानाआधी मॉन्टगोमेरीतल्या मुलांनी दोन्ही उमेदवारांना तीन प्रश्न विचारावेत. या वर्षीच्या चालू खर्चाच्या अंदाजपत्रकातली कुठली बाब कमी करून तुमच्या आश्वासनाचा खर्च भागवाल? तुमचं आश्वासन धोरणात बसतं की ‘आरए’मध्ये? आणि आत्ताच्या स्मॉबचं कुठलं अर्धवट काम तुम्ही पुढे नेणार आहात? पहिल्या प्रश्नाला ज्याच्याकडे बाबीचं नाव आणि आकडा असेल, त्याने ते दस्तऐवज उघडून पाहिले आहेत.